घरची नऊ मते

निवडणुका जवळ आल्या म्हणजे सुशिक्षितांच्या घरांतून एक तक्रार हटकून कानी येते. मतदार अडाणी आहे, तो जातीकडे पाहून मत देतो, वस्तीचा पुढारी सांगेल त्या चिन्हाचे बटण दाबतो, आणि असल्या मतदारांच्या हाती देशाचा कारभार सोपविल्यावर दुसरे काय व्हावयाचे? या तक्रारीत मुळीच तथ्य नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती करणाऱ्यांनी एकवार आपल्याच घराच्या उंबरठ्याच्या आत दृष्टी टाकावी, एवढी विनंती करण्यासाठी आम्ही या महिन्याचा लेख लिहीत आहो. त्यास कारण झालेला प्रसंग लहानसाच आहे. तो प्रथम सांगतो.

सन २०२४ च्या उन्हाळ्यात, लोकसभेच्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, आम्ही एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो होतो. घर एकत्र कुटुंबाचे. कर्ते गृहस्थ निवृत्त प्राध्यापक असून घरात व शेजारीपाजारी सारे त्यांस अण्णा म्हणतात. अण्णा व त्यांच्या पत्नी, ब्याण्णव वर्षांच्या मातोश्री, दोन मुलगे, दोन सुना, आणि नुकतीच अठरा ओलांडलेली दोन नातवंडे, असा परिवार. गप्पा रंगात आल्या असता एका उमेदवाराचा कार्यकर्ता हातात वही घेऊन आला. मुलगा विनयशील होता. त्याने नमस्कार करून विचारले, "अण्णा, आपल्याकडची मते किती धरू?"

"नऊ धर," अण्णा म्हणाले. "आमच्या घरचे एकही मत फुटायचे नाही."

कार्यकर्त्याने वहीत नऊचा आकडा लिहिला आणि तो समाधानाने निघून गेला. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हासही यात काही वावगे वाटले नाही. परंतु चहाचे पेले उचलण्यास आलेल्या धाकट्या सूनबाई जाता जाता थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, नवांत माझे धरले असेल तर आठच म्हणा. माझे नाव इथल्या यादीत नाही. ते अजून माहेरच्या गावी आहे, माहेरच्याच नावाने."

सूनबाईंच्या लग्नास तीन वर्षे होऊन गेली होती. घरात वाणसामानाच्या याद्या होत होत्या, आयकराची विवरणपत्रे वेळेवर जात होती. परंतु या मुलीचे नाव मतदारयादीत आहे किंवा नाही, हे तीन वर्षांत कोणी विचारले नव्हते. अण्णा काही उत्तर देणार, इतक्यात आतल्या खोलीतून मातोश्रींचा आवाज आला, "आणि मला जिना उतरवून नेणार कोण रे? मागच्या खेपेलाही राहिलेच."

अण्णा दोन्ही वेळा निरुत्तर झाले. हिशेब नऊ मतांचा झाला होता. त्यांतील दोन मतदारांची गत काय आहे, याची हिशेब सांगणारास वार्ता नव्हती. अण्णा सज्जन आहेत, विद्वान आहेत, सुनांस मुलींप्रमाणे वागविणारे आहेत. म्हणूनच हा प्रसंग आम्हास लिहिण्याजोगा वाटला. जेथे धाक नाही, जेथे मारहाण नाही, तेथेही घरातील माणसांची मते घरातील भांड्यांप्रमाणे एकत्र मोजली जातात, आणि त्यात काही चुकते असे कोणाच्या मनातही येत नाही.

या समजुतीचा इतिहास जुना आहे, आणि तो केवळ आपल्याच देशातला नाही. इंग्लंडातील जेम्स मिल या तत्त्ववेत्त्याने १८२० साली राज्यव्यवस्थेवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने असे प्रतिपादन केले की, स्त्रियांचे हित त्यांच्या पित्यांच्या किंवा पतींच्या हितात समाविष्ट असल्यामुळे त्यांस निराळ्या मताची गरज नाही. म्हणजे अण्णा जे अजाणता म्हणाले तेच मिलने शास्त्र म्हणून मांडले. त्याचाच पुत्र जॉन स्टुअर्ट मिल याने पुढे १८६७ साली पार्लमेंटात स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून दुरुस्ती सुचविली. ती नामंजूर झाली, परंतु पित्याच्या सिद्धांतास पुत्रानेच दिलेले ते उत्तर होते.

आपल्याकडे १९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढविला, तो मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर. आणि पुष्कळशा स्त्रियांस तो मिळाला तो पतीच्या मालमत्तेच्या आधाराने, म्हणजे अमक्याची पत्नी म्हणून. घर आणि मत यांची ही गाठ आपल्या राज्यघटनेने तोडली. घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिले. तेथे घराचा उल्लेख नाही, मालमत्तेचा नाही, कोण कोणाचा कोण याचा नाही. प्रारंभी वयाची अट २१ वर्षांची होती. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने १८ वर आली.

कागदावर तोडलेली ही गाठ घरोघर तुटली होती काय? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होऊ लागली तेव्हा याचे उत्तर मिळाले. सतरा कोटींहून अधिक मतदारांची ती यादी होती. ती करीत असता पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या असे ध्यानी आले की, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत असंख्य स्त्रियांनी आपले नावच सांगितलेले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. परक्या पुरुषास नाव सांगावयाचे नाही, ही रूढी. सेन यांनी आज्ञा केली की, यादीत प्रत्येकीचे स्वतःचे नाव असलेच पाहिजे. वेळ दिला, समजूत घालण्याची खटपट झाली, तरीही सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे अखेरीस वगळावी लागली आणि १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत त्यांस मत देता आले नाही. त्या वेळी पुष्कळांस हा निर्णय कठोर वाटला. परंतु मत माणसाचे असते, नात्याचे नसते, हा धडा प्रजासत्ताकाच्या आरंभीच मिळणे अवश्य होते.

आमच्याकडे नावे सांगण्याची अडचण नव्हती, असे आमचे वाचक म्हणतील. ते खरे आहे. परंतु आपल्याकडे दुसरी अडचण आहे. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळ घरांतून पाळण्यातले नावही बदलते; मुलगी नव्या नावाने नव्या घरी येते, आणि मतदारयादीतील तिचे जुने नाव जुन्या गावी पडून राहते. अठ्ठावीस लक्षांस हसण्यापूर्वी आपल्या घरची सून यादीत कोठे आहे, हे पाहून घ्यावे हे बरे.

आता या विषयाच्या मुख्य भागाकडे वळू. निवडणुकांच्या सुधारणेचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला असता त्यात एक सूत्र स्पष्ट दिसते. मत देणाराचे मत झाकलेले असावे. मत मागणाराचा व्यवहार उघडा असावा. जी जी सुधारणा टिकली, ती या दोहोंपैकी कोणत्या ना कोणत्या बाजूची आहे.

प्रथम झाकण्याची बाजू पाहू. गुप्त मतदानाची आधुनिक पद्धत ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी १८५६ साली सुरू केली व इंग्लंडने ती १८७२ साली घेतली. तत्पूर्वी तेथे मत उघड सांगावे लागे, आणि जमीनदाराच्या देखत कूळ कोणाचे नाव घेणार हे सांगावयास नकोच. आपल्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी आडोशाच्या आत ठेवलेली असे, आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकून येई. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि २००४ च्या लोकसभेपासून सर्वत्र यंत्र आले. साधने बदलली, आडोसा कायम राहिला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ९४ वे कलम असे की, कोणासही आपण मत कोणास दिले हे न्यायालयात सांगावयास भाग पाडता येत नाही. जे न्यायाधीशास विचारता येत नाही, ते सासऱ्याने किंवा पतीने विचारावे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

ही गुप्तता किती सूक्ष्म आहे, याचे एक उदाहरण देतो. कोणताही उमेदवार पसंत नाही असे ज्यास वाटे, त्यास पूर्वीच्या नियमाप्रमाणे केंद्रावरील अधिकाऱ्यास तसे सांगून नोंदवहीत सही करावी लागे. म्हणजे इतरांचे मत गुप्त आणि नकार देणाराचे मात्र उघड. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ही तफावत दूर केली व यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण ठेवण्याची आज्ञा केली. नोटा म्हणतात ते हेच. त्यास सर्वाधिक मते पडली तरी लोकसभा-विधानसभेत त्याखालोखाल मते मिळविणारा उमेदवार निवडून येतोच, म्हणून काही लोक त्याची थट्टा करतात. परंतु त्या निकालाचे मर्म नकारात नसून गुप्ततेत आहे.

या बाजूचे एक काम अद्याप अपुरे आहे. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा निराळा कळतो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात. म्हणजे कोणत्या आळीने कोणास मते दिली नाहीत हे दुसऱ्याच दिवशी सर्वांस ठाऊक होते, आणि त्या आळीच्या नळास पाणी येईनासे झाले तर कारण शोधावे लागत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारे साधन वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली व विधि आयोगाने २०१५ च्या अहवालात तिचा पुरस्कार केला. ती अद्याप अमलात आलेली नाही. तिचा पाठपुरावा सुशिक्षित मतदारांनी करावयास हवा. परंतु आळीची गुप्तता मागणाराने आपल्या घराची गुप्तता आधी पाळलेली असावी, नाही काय?

आता उघडण्याची बाजू. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापक मंडळींनी १९९९ साली एक संस्था स्थापून न्यायालयात अर्ज केला. त्यांची मागणी साधी होती : उमेदवारावर कोणते फौजदारी खटले आहेत, त्याची मालमत्ता व देणी किती, शिक्षण काय, हे मतदारास कळावे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ती मान्य केली. संसदेने कायदा दुरुस्त करून ही माहिती आखडती घेतली, तेव्हा १३ मार्च २००३ च्या निकालाने ती दुरुस्तीच रद्द झाली. काही उमेदवार प्रतिज्ञापत्रातील रकाने कोरे सोडू लागले. तेही चालणार नाही असे न्यायालयाने २०१३ साली सांगितले. २०१९ पासून या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराचे, त्याच्या जोडीदाराचे व त्याच्या हिंदू अविभक्त कुटुंबाचेही पाच वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते. पुढे पक्षांच्या देणग्यांचा प्रश्न आला. २०१८ साली आलेल्या निवडणूक रोख्यांत देणगी देणाराचे नाव जनतेपासून गुप्त राहत होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. नागरिकाच्या मतास गुप्ततेची जरूर आहे. पक्षाच्या तिजोरीस नाही, असा या साऱ्याचा इत्यर्थ.

आता आपल्या घरातील रीत पाहा. कोण कोणास मत देणार हे घरात सर्वांस ठाऊक असते, किंबहुना ते कर्त्याने आधीच सांगितलेले असते. आणि उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र? ते आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते, पण ते उघडून वाचलेली घरे किती निघतील? जे झाकावयाचे ते आपण उघडे ठेविले आहे, आणि जे मोठ्या प्रयासाने उघडले गेले त्याकडे पाहिलेलेही नाही. प्राध्यापकांनी झगडून, न्यायालयांनी आज्ञा करून जो कागद आपल्या हाती दिला, तो न वाचता आपण अडाणी मतदाराची कीव करीत बसतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मत ही खासगी मालमत्ता नसून समाजाने सोपविलेली ठेव आहे. मग ती चारचौघांत, घरच्या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने का वापरू नये? हा आक्षेप क्षुद्र नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारा तोच जॉन स्टुअर्ट मिल गुप्त मतदानाच्या विरुद्ध होता, आणि ते याच कारणास्तव. परंतु ज्यास कोणाची भीड बाळगावी लागत नाही, त्यासच उघड मत परवडते. कूळ जमीनदारास भिते तसे घरात कोणी कोणास भीत नसेल. पण भीतीहून भीड अधिक बळकट असते. प्रेमळ सासऱ्यांचे मन मोडू नये म्हणून दिलेले मत हे सुनेचे मत नव्हे, ते सासऱ्यांचे दुसरे मत होय.

दुसरा आक्षेप असा की, आमच्या घरात खरोखरच एकमत आहे. असेल, असल्यास आनंदच आहे. परंतु खरे एकमत असेल तर ते प्रत्येकाने एकट्याने आडोशाआड जाऊनही तसेच राहील. ज्यास मोकळे सोडण्याचे भय वाटते, ते एकमत नव्हे.

१९६२ साली पुरुषांच्या मानाने स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. २०१९ च्या लोकसभेत स्त्रिया प्रथमच किंचित पुढे गेल्या व २०२४ मध्येही पुढेच राहिल्या. केंद्रापर्यंतची वाट त्यांनी चालून संपविली आहे. स्वतःच्या निर्णयापर्यंतची वाट किती उरली, हे कोणत्याही आकड्यावरून कळावयाचे नाही; ते ज्याच्या त्याच्या घरात पाहावे लागेल.

तेव्हा घराने काय करावे? वडीलधाऱ्यांनी तोंड मिटून बसावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्यांच्या अनुभवाचा लाभ तरुणांस मिळावयासच हवा. आमच्या सूचना अगदी थोड्या आहेत.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर म्हणा, घरातील प्रत्येकाचे नाव यादीत तपासावे. अठरा पूर्ण होणाऱ्या मुलामुलींसाठी सहा क्रमांकाचा अर्ज असतो. पत्ता वा नाव बदलल्यास आठ क्रमांकाचा. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत बदल होत नाही, म्हणून हे काम निवडणुकीच्या गडबडीवर टाकू नये. पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांस लोकसभा-विधानसभेच्या वेळी घरी मत देता येते. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत '१२ ड' हा अर्ज द्यावा लागतो. अधिकारी घरी आले म्हणजे आजींस टपाली मतपत्रिकेवर खूण करावयास एकान्त द्यावा; त्या वेळी पाठीशी उभे राहून सूचना करू नयेत. ज्यांस दृष्टी नाही वा हात चालत नाही त्यांस केंद्रावर सोबती नेता येतो; त्या सोबत्याने मत गुप्त ठेवण्याचे वचन द्यावे लागते व त्या दिवशी त्यास दुसऱ्या कोणाचा सोबती होता येत नाही. कायद्याने केवढी काळजी घेतली आहे पाहा.

आणि मतदानापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आपल्या मतदारसंघातील उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचावीत. नातवाने मोठ्याने वाचावे, आजोबांनी कायद्याची कलमे समजावून सांगावीत, ज्यास जे विचारावयाचे ते त्याने विचारावे. वाद होऊ द्यावा. मात्र मतदानाच्या दिवशी बोटास शाई लावून परत येणाऱ्यास, मत कोणास दिले, हा प्रश्न घरात कोणीही कोणास करू नये.

आमच्या स्नेह्यांच्या घरचे राहिलेच. सूनबाईंचा अर्ज त्या पावसाळ्यात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा मातोश्रींनी आपल्या खोलीत, दार लोटून, मत दिले. अण्णा बाहेर ओसरीवर बसून होते. तो वहीवाला मुलगाही पुन्हा आला होता. त्याने तोच प्रश्न केला. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे मतदार नऊ आहेत, बाबा. बसतील सगळे, तर प्रत्येकाला निराळे विचारून पाहा."

मुलगा क्षणभर गोंधळला. मग, आम्हास कळते त्याप्रमाणे, तो खरोखरच बसला, आणि धाकट्या सूनबाईंनी त्यास त्याच्या उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रासंबंधी दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे त्यास देता आली नाहीत. विचारून येतो म्हणून तो गेला. आकडा मात्र त्याने वहीत लिहिला नाही.